आवाज येईल तिथं बसा

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी एक जुना दगडी खल आहे. पण खल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चहाची वेलची कुटायचा तो पितळी पिटुकला आला असेल, तर त्याला बाजूला ठेवा. माझ्या पोटात अख्खा नारळ मावतो. मला एकट्यानं उचलणारा माणूस पुढे आठवडाभर त्याचीच बढाई मारत फिरतो. आणि जुना म्हटलं म्हणून लगेच तोंड बारीक करून च्च् च्च् करू नका. अजून रोज कामावर आहे मी.

तुमच्यापासून दूर पूर्वेला, समुद्रापलीकडच्या देशात, रायोंगच्या किनाऱ्यावर, समोरच्या बेटाकडे होड्या सुटतात त्या धक्क्यावरून सुरूच्या झाडांखालनं चालत आलात, की लमियत मावशीची खानावळ लागते. वर पत्रा, खाली वाळू, मधे लाकडी बाकडी. खानावळीला पाटी नाही, कधीच नव्हती. पाटी म्हणजे मीच. ते कसं, ते सांगतोच. पण रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करायला हवी.

मी मूळचा आंगसिलाचा. समुद्रकाठचं पाथरवटांचं गाव आहे ते. तिथल्या हेंग नावाच्या म्हाताऱ्यानं मला घडवलं. तो थोडं कोरायचा, थांबायचा, बोटाच्या पेरानं मला वाजवायचा आणि कान लावायचा. आत भेग असली की दगड बद्द वाजतो. मी खणखणीत वाजलो. "हा बोलका निघाला," तो बायकोला म्हणाला, "तुझ्यावर गेलाय." त्यावर ती जे म्हणाली ते लहान मुलांपुढे सांगण्यासारखं नाही. माझा बत्ताही त्याच खाणीतला. तो सगळ्यांना सांगतो की आम्ही एकाच दगडातून निघालो आणि मी त्याचं उरलेलं टरफल. म्हणू दे त्याला.

मला विकत घेतलं थोंग आजीनं, म्हणजे लमियत मावशीच्या सासूनं. घरी आणल्यावर तिनं मला आंघोळ घातली. आंघोळ म्हणजे कोरडे तांदूळ, गवती चहाची पाती, खोबऱ्याचे तुकडे पोटात घालून कुटत राहायचं, म्हणजे नव्या दगडाची कच निघून जाते. कच निघाली, माझं पोट गुळगुळीत झालं, आणि तेव्हा कुठे आजीनं माझ्यात पहिली मिरची टाकली. त्या मिरचीची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो, दगड असूनसुद्धा.

आता आमच्याकडची एक चाल सांगतो. तुमच्याकडे मुलगी बघायला जातात. आमच्याकडच्या जुन्या बायका मुलगी ऐकायला जायच्या. मुलगी आत वाटण कुटत असली, की बाहेर बसून कान द्यायचा. घाव एकसारखे, जवळजवळ पडले तर हात कामाचा. मधे मधे खंड पडला तर आळशी. उगाच धडाधड पडले तर तापट, घरात भांडणं लावील. थोंग आजी एकदा देवळातल्या जेवणावळीला गेली होती. मागच्या बाजूला कुणीतरी कुटत होतं. आजीनं ताट तसंच ठेवलं, उठून मागे गेली आणि म्हणाली, "कुणाची गं पोर ही? मला हवी." तीच लमियत. नाकीडोळी कशी आहे ते आजीनं नंतर पाहिलं. त्यामुळे लमियत मावशीचा ह्या चालीवर भारी विश्वास. डोळे फसतील, कान फसत नाही, असं ती शेजारणींना ऐकवायची.

आणि काय कुटायची ती! पाऊण किनारा ऐकायचा. धक्क्यावर सनान काका बसलेला असतो. पूर्वी बेटावर जाणारी होडी चालवायचा, आता बदामाच्या झाडाखाली बसून आल्यागेल्याला फुकटचे सल्ले देतो. शहरातली माणसं हातात फोन धरून त्याला विचारायची, "काका, इथं चांगलं खायला कुठं मिळेल हो?"

"तो फोन आधी खिशात घाला," काका म्हणायचा. "चपला हातात घ्या आणि पाण्याच्या कडेनं चाला. खलाचा आवाज येईल तिथं बसा. काय खाऊ म्हणून विचारू नका, मावशी देईल ते खा."

झालं. ही आमची पाटी. आणि लोक यायचे हो! पुढे मोठं रिसॉर्ट आहे, तिथं चित्रांचं पुस्तक देतात हातात, अननसाच्या पोटात भात भरून आणतात. आणोत बिचारे. पण ज्याला समुद्र खायचाय, तो माझ्याकडे येतो. सकाळी होडीतून उतरलेली माकूळ वाफेवर शिजवून तिच्यावर लिंबू, लसूण, हिरवी मिरची. चिंबोरीबरोबर झणझणीत हिरवी चटणी. आंबट कालवण, त्यात उकडलेल्या माशाचा एक तुकडा वाटणातच कुटलेला, म्हणून रस्सा पाणचट होत नाही. आणि सगळ्यांत वरताण म्हणजे कपिची चटणी. हसू नका, कपि म्हणजे माकड नव्हे. आमच्याकडे कपि म्हणजे मिठात खारवून, कुटून, उन्हात मुरवलेला जवळा. केळीच्या पानात तो भाजायचा, लसूण, मिरची, ताडगूळ घालून माझ्यात कुटायचा, वर लिंबू पिळायचं आणि तळलेल्या बांगड्याबरोबर पानात वाढायचं. पहिल्या घासाला शहरातली माणसं नाक मुरडतात. दुसऱ्या घासाला गप्प होतात. मग भात मागतात. ह्यातला एकही पदार्थ माझ्या पोटातून गेल्याशिवाय पानात पडत नाही, हे मी अभिमानानं सांगतो. ज्यांना गर्व वाटेल त्यांना वाटू दे.

मावशीच्या मुलाचं नाव प्रमोत. छोट्या होडीनं माकूळ आणायला जातो. त्यानं लग्न केलं ते पिकुलशी. पिकुल म्हणजे आमच्या भाषेत बकुळ. ही पोर इसानची, म्हणजे आत लांब, कोरड्या पठारावरच्या मुलखातली. इथं मासळीच्या कारखान्यात कामाला आली होती. लग्न ठरताना मावशीला ऐकायची संधीच मिळाली नाही. ती हुरहुर मनात होतीच. म्हणून लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिनं पिकुलपुढे मिरच्या, लसूण ठेवले, बत्ता हातात दिला आणि स्वतः पाठ फिरवून माकूळ साफ करायला बसली. पाठ इकडे, पण कान माझ्याकडे.

पिकुलनं बत्ता उचलला. टप्. थांबली. टप्. पुन्हा थांबली. डाव्या हातातल्या पळीनं वाटण हलवलं. टप्.

मावशी न वळता म्हणाली, "प्रमोत, तुझी बायको कुटतेय की कुणाचं दार वाजवतेय?"

प्रमोत हसला. पिकुलला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी हळू कुटलं.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. आळशी हात सैल पडतो, बत्ता आपल्याच वजनानं खाली येतो. हिचा हात सैल नव्हता. बत्ता खाली येता येता ती तो घट्ट धरून अडवायची. भलती ताकद होती त्या अडवण्यात. ही पोर घाबरत होती. कशाला, ते मलाही उमगेना. आणि उमगलं असतं तरी मी काय करणार होतो? बत्ता पडल्याशिवाय मला तोंड नाही.

थोड्या दिवसांनी मावशीनं बत्ता काढून घेतला. "राहू दे," म्हणाली. "तुला हात नाही. तू भांडी बघ." शेजारणींशी बोलताना सून म्हणायचीच नाही, "ती इसानची" म्हणायची. पिकुल भांडी घासायची, मासे खवलायची, बाकडी पुसायची, पाहुण्यांना पाणी द्यायची. कुणी तिला आळशी म्हणून दाखवावं! पण मावशीच्या कानानं एकदा निकाल दिला होता.

मग मावशीचं मनगट गेलं. इतकी वर्षं कुटून कुटून सुजलं, आणि एका सकाळी बत्ता हातातून निसटला तो तिच्याच पायावर. दवाखान्यात सांगितलं, ह्या हातानं आता कुटायचं नाही. प्रमोत बाजारातून मिक्सर घेऊन आला. पांढरा, काचेच्या डोक्याचा, वायरीवर जगणारा. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. एवढंच सांगतो की तो किंचाळायला लागला की मांजर छपरावर पळायचं, आणि पाणी पाजल्याशिवाय तो काम करायचा नाही. पाणी घातलं की वाटण भराभर बारीक व्हायचं खरं, पण त्यात लसणाचं तेल नाही, मिरचीची झळ नाही. कापलेलं वेगळं आणि कुटलेलं वेगळं, हे त्याला कोण सांगणार?

मला मागच्या दारात नेऊन ठेवलं. पहिल्या पावसाळी सरीनं माझ्यात पाणी साठलं आणि छपरावरून उतरलेलं ते मांजर माझ्यातलं पाणी प्यायला लागलं. मांजर! माझ्या पोटात! जिभेनं! थोंग आजी जिवंत असती तर तिनं त्या मांजराला बेटावर हाकललं असतं. रोज सकाळी आतून घर्र घर्र ऐकू यायचं आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा.

होडीवाले तोंडाचे फटकळ. एकजण पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "मावशी, हे कालवण आहे की मासे धुतलेलं पाणी?" मावशी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी तिनं उलट उत्तर दिलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

शिवाय धक्क्यावरून येणारी माणसं थांबेनात. काका सांगायचा तेच सांगत होता, माणसं कडेकडेनं चालत यायची, कान देत आमच्या दारावरून पुढे जायची आणि थेट रिसॉर्टात पोचायची. आवाजच नाही, तर बसणार कुठं? बाकडी रिकामी पडली. रिसॉर्टचा माणूस येऊन जागा बघून गेला. मावशीनं एका संध्याकाळी सांगून टाकलं, "सोंगक्रानचा सण झाला की बंद करायचं."

"मग मी मोठ्या बोटीवर जातो," प्रमोत म्हणाला. "माणसं हवीयत त्यांना. खानावळच नसेल तर माझी माकूळ घेणार कोण?"

मोठी बोट म्हणजे खोल समुद्रावरची. त्या बोटीवरची माणसं महिनोन् महिने घर बघत नाहीत. काही तर येतात तेव्हा पोरं ओळखत नाहीत त्यांना. पिकुल मागच्या दारात भांडी घासत होती, माझ्याशेजारीच. ती उठली, ओल्या हातांनीच आत गेली.

"आई, मला द्या ना खल. मी शिकेन. खानावळ बंद करू नका, ह्यांना जाऊ देऊ नका."

"शिकून येत नाही ते," मावशी म्हणाली. "आलं असतं तर आत्तापर्यंत आलं असतं. माझ्या सासूच्या खलाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही मला. बंद केलेलं बरं."

पिकुल परत येऊन बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काठावर पडलं. मी दगड आहे, पण दगडालाही काही गोष्टी सोसत नाहीत.

सण तोंडावर आला होता. प्रमोतची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. त्या दिवशी ऐन सकाळी सनान काका तणतणत आला. टोपी हातात, तोंड लालबुंद.

"लमियत! अगं, एका बाईनं भर धक्क्यावर मला खोटारडा म्हटलं! म्हणे, आवाजबिवाज काही नाही तिथं. मी इतकी वर्षं ह्या किनाऱ्यावर काढली, एकदा होडी वाळूत घातली असेल, पण खोटारडा मला कुणी म्हटलं नव्हतं! कुठाय खल?"

"मागे आहे," मावशी म्हणाली. "ओरडू नकोस."

काका मागे आला. मला पाहिलं, माझ्यातलं पाणी पिणारं मांजर पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! मांजराला पाणी? ह्याच्यात?" त्यानं मांजर हाकललं, पाणी ओतलं, मला कवेत धरलं, एक हिसका दिला आणि कंबर धरून मटकन खाली बसला.

पिकुल धावत आली. तिनं मला पोटाशी धरलं आणि एकटीनं उचलून आत आणून ठेवलं. धापही लागली नाही तिला.

काका बघतच राहिला. "आयला! पोरी, अंगात ताकद म्हशीची आहे तुझ्या! मग कुटताना काय धाड भरते? अंडं आहे का ते?"

पिकुल खाली मान घालून पुटपुटली, "फुटला तर?"

"काय फुटला तर?"

"खल."

मग काका असा हसायला लागला की मी म्हटलं, आता ह्याची कंबर कायमची जाणार. "अगं, दगड आहे तो! दगड! बोट आदळली तर बोट फुटेल!"

"आमच्याकडे मातीचे असतात, काका," पिकुल म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण आता थांबली नाही ती. "मातीचा खल आणि लाकडी बत्ता. कच्ची पपई नुसती चेपायची आणि पळीनं हलवायची. जोरात मारलं की बूडच जातं. लहानपणी मी एक फोडलाय, आईनं बदडलं होतं मला. आणि इथं तर सगळे सांगतात, हा आजेसासूबाईंचा, ह्या घराची पुण्याई म्हणजे हा खल. माझ्या हातून फुटला असता तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

मावशीच्या हातातली माकूळ तशीच राहिली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं, आई? तुम्ही नुसतं ऐकलंत."

मावशीला माफी मागता येत नाही. तिच्या सासूलाही येत नव्हती. ती उठली. चांगल्या हातात बत्ता घेतला आणि मी पूर्ण रिकामा असताना, पोटात एक लसणाची पाकळीसुद्धा नसताना, होतं नव्हतं तेवढं बळ लावून हाणला. ठण्ण! मांजर पळालं. काका दचकला. पिकुलनं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड," मावशी म्हणाली. "फुटला?"

"नाही."

"भेग?"

पिकुलनं माझ्या पोटातून बोट फिरवलं. "नाही."

"मग आता तू हाण. फुटला तर माझ्या डोक्यावर. मनगटानं नको, माझं बघ काय झालंय. खांद्यातनं हात येऊ दे."

मिरच्या पडल्या. लसूण पडला, मीठ पडलं. पिकुलनं बत्ता उचलला. पहिला घाव जरा भीतभीतच आला. दुसरा बरा. मग मात्र तिनं पदर खोचावा तशी कमरेची लुंगी घट्ट केली, आणि हाणला! काय सांगू मित्रांनो! कारखान्यातल्या टोपल्या उचललेले खांदे होते ते. मिरची फुटली, लसणानं तेल सोडलं, माझ्या अंगातून ठणठण अशी निघाली की बत्तासुद्धा खूश झाला, आणि त्याला खूश करणं सोपं नाही. दर चार-पाच घावांनंतर ती पळीनं वाटण हलवायची, इसानच्या सवयीनं. तिथं आवाजात एक खाच पडायची. मावशीनं ती खाच ऐकली. टोकायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पळीनं हलवल्यामुळे तळाचं वाटण वर येत होतं, हे तिला दिसत होतं.

"तू इथं काय करतोयस?" ती काकाला म्हणाली. "धक्क्यावर कोण बसलंय?"

काका कंबर धरून, लंगडत, पण पळत गेला.

दुपारपर्यंत बाकडी भरली. माणसं चपला हातात घेऊन यायची, थबकायची, कान द्यायची आणि बसायची. तो फटकळ होडीवालाही आला. त्यानं कालवणाचा घोट घेतला, कपिची चटणी बांगड्यावर ओढली, भात मागून घेतला, आणि मग आतल्या आवाजाकडे कान देत म्हणाला, "काय मावशी, मनगट बरं झालं वाटतं?"

मावशी त्याच्या पानात दुसरा बांगडा वाढत होती. "माझं मनगट आहे तसंच आहे," ती मोठ्यानं म्हणाली, अगदी शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल अशी. "माझी सून कुटतेय."

आत ठोका चुकला. एकच चुकला, मग पुन्हा सुरू झाला. प्रमोत दाराशी, पिशवीजवळ उभा होता. मावशी त्याच्यावर खेकसली, "आणि तू काय खांबासारखा उभायस? त्या बोटवाल्याला फोन कर, येत नाही म्हणून सांग. उद्या माकूळ कोण आणणार? माझ्या सुनेनं काय रिकामा खल कुटायचा?"

तर मित्रांनो, असा मी परत कामावर आलो. मिक्सरही आहे अजून. मुलांसाठी कलिंगडाचं सरबत करतो. त्याचं बरं चाललंय, आमचं भांडण नाही.

तुमच्याही घरी ओट्याखाली, जिन्याखाली, गच्चीत माझा कुणी भाऊबंद पडला असेल. खल असेल, पाटा असेल. त्याला बाहेर काढा. पण शोभेसाठी नको, पाण्यात फुलं तरंगवायला तर मुळीच नको. साबण न लावता स्वच्छ पाण्यानं धुवा, लसूण-मिरची-मीठ घाला आणि हाणा. आम्हाला जपायचं म्हणून हळू हात लावू नका, आम्ही त्यानंच मरतो. आणि घरात नवं माणूस आलं, त्याचा हात तुमच्यासारखा पडेना, तर नुसतं ऐकत बसू नका. एकदा विचारा त्याला.

बरं, आता आवरतं घेतो. होडी लागलीय, प्रमोत टोपली घेऊन येतोय, आणि पिकुलनं बत्ता उचलला. आता तुमच्याशी बोलता येणार नाही मला. अख्ख्या किनाऱ्याशी बोलायचंय.